घड्याळ फक्त आमच्यासाठीच का?



सरकारी कामाची निविदा भरायची मुदत दुपारी ३ पर्यंत असली आणि ३ वाजून १ मिनिट झालं, की कॉम्प्युटर ती घेत नाही. लाईट गेली होती का, रेंज होती का, पैसे खात्यातून कापले गेले पण तिकडे दिसलेच नाहीत का, यातलं काही तो विचारत नाही. साहेबांकडे जावं तर साहेब हात वर करतात. "आमच्या हातात काय नाय. सिस्टीमनं बंद केलंय."

त्याच सरकारकडे आपले वनहक्काचे दावे पडून आहेत. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले. तेव्हा पाळण्यात होती ती पोरं आता बापाच्या खांद्याला लागली. दावा कुठल्या टेबलावर आहे, कुणाच्या सहीसाठी अडलाय, असं विचारलं तर "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. तिथे कुठली सिस्टीम बंद होत नाही. तिथल्या भिंतीवर घड्याळच नाही.

या अंकात आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. मुदत म्हणजे मुदत, हे आम्हाला कबूल आहे. पण ती मागणाऱ्यालाही असावी आणि देणाऱ्यालाही असावी. गरिबाच्या मिनिटाला शिक्षा आणि सरकारच्या वर्षांना माफी, हा न्याय आम्ही मानत नाही.

निविदेशी आपलं काय देणंघेणं?

काही जण म्हणतील, आपली लढाई जमिनीची. निविदा म्हणजे ठेकेदारांचं लफडं. आपण त्यात कशाला पडायचं?

पडायचं, कारण आपल्या जमिनीवर कोण येणार हे निविदेत ठरतं. दळीच्या जमिनीवर रोपवनाचे खड्डे कोण मारणार, वाडीचा रस्ता कोण करणार, ओढ्यावर बंधारा कोण घालणार, आश्रमशाळेत पोरांच्या ताटात काय पडणार, हे सगळं आधी कागदावर ठरतं. मग एक दिवस जेसीबी घेऊन माणूस दारात उभा राहतो. आपण विचारतो, तू कोण? तो म्हणतो, मला टेंडर लागलंय. आणि दुसऱ्या दिवशी आपणच त्याच्या हाताखाली रोजावर जातो. डोंगर आपला, घाम आपला, बिल त्याचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली. आपल्या राज्यातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात आहेत. रस्ते, घरं, पाणी देणार म्हणून सांगितलं. योजना कातकऱ्यांच्या नावाची आहे. पण वाडीच्या रस्त्याचं काम वाडीच्या संस्थेला घ्यायचं म्हटलं, तर तिला कॉम्प्युटरच्या दारातूनच आत जावं लागतं. त्या दारात आपण उभेच राहू शकलो नाही, तर नाव आपलं आणि ताट दुसऱ्याचं, असंच होणार.

आपल्या आधीच्यांना हे पुरतं कळलं होतं. शेजारच्या उरणमध्ये चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी पडला. पुढे १९४५ पासून वारल्यांनी उठाव केला. त्यात सावकाराची वेठ होती तशी जंगलातल्या ठेकेदाराची मजुरीही होती. या सगळ्याचा रेटा होता म्हणून १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या करायला घेतल्या. कूप ठेकेदाराला द्यायचा नाही, आदिवासींच्या संस्थेला द्यायचा, हा त्यामागचा विचार. नंतर ठराविक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत मजूर संस्थांना ३३ टक्के वाटा ठेवला गेला. ही दारं कुणी दान म्हणून उघडलेली नाहीत. आपल्या माणसांनी रक्त सांडून उघडलीत. ती आज कोण बंद करतंय आणि कशानं, हे बघायला नको का?

हे काम चालतं कसं

आधी ई-निविदा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. शासनाचं महाटेंडर्स नावाचं पोर्टल आहे. केंद्र सरकारच्याच एनआयसी या संगणक खात्यानं ते बनवलंय. त्यावर संस्थेची नोंदणी लागते. अध्यक्ष किंवा सचिवाच्या नावाची डिजिटल सही लागते. ही सही पेनड्राईव्हसारख्या दिसणाऱ्या एका चावीत असते. तिला पिन असतो. ती विकत घ्यावी लागते आणि ठराविक काळानं तिची मुदत संपते, मग परत पैसे.

त्यानंतर कागद स्कॅन करून दोन लिफाफ्यांत टाकायचे. एक तांत्रिक, दुसरा दराचा. लिफाफा नुसता नावाला, तोही कॉम्प्युटरच्या आतच. निविदा फी आणि बयाणा रक्कम, जिला दुकानात ईएमडी म्हणतात, ती ऑनलाईन भरायची. सगळं चढवून झालं की शेवटी एक बटण दाबायचं. ते दाबलं की नंबर, तारीख आणि वेळ असलेली पोच मिळते. पोच नाही तर निविदा नाही.

वेळ कुठली धरायची? तुमच्या मोबाईलची नाही. पोर्टलच्या पानावर सर्व्हरचं घड्याळ चालतं, तेच खरं. आणि बहुतेक निविदांच्या अटींत लिहिलेलं असतं की नेट, लाईट, कॉम्प्युटर, कशामुळेही उशीर झाला तरी जबाबदारी भरणाऱ्याची. म्हणजे यंत्र त्यांचं, घड्याळ त्यांचं, अटी त्यांच्या. आपली फक्त जबाबदारी.

आम्ही हे बेलपाड्यातून लिहितो. बेलपाडा काही आडरानात नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, या भागातल्या जमिनी शहरासाठी गेल्या, खारघर उभं राहिलं. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो धावते, तिच्या एका स्टेशनाचं नाव बेलपाडा आहे. शहराच्या एवढं कुशीत राहूनही निविदा भरायची तर आम्हाला दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवून बसावं लागतं. मग कर्जत, खालापूर, सुधागडच्या डोंगरावरच्या वाड्यांनी काय करायचं? त्यातून रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. इथे पेसा कायदा लागू नाही. पालघर, गडचिरोलीत ग्रामसभेला जो थोडाफार आधार त्या कायद्याचा मिळतो, तोही आपल्याला नाही.

फ्रीज नावाचं बटण

कुणी म्हणेल, तुमची माणसं शिकलेली नाहीत म्हणून चुकतात. यंत्राला कशाला दोष देता?

मग मुंबईची गोष्ट ऐका. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासासाठी म्हाडानं ई-निविदा काढली होती. शापूरजी पालनजी ही देशातली मोठी बांधकाम कंपनी. तिचं म्हणणं होतं की आम्ही वेळेत कागद चढवले. पण पोच मिळाली नाही. एनआयसीनं सांगितलं, शेवटचं 'फ्रीज' नावाचं बटण दाबलं गेलं नाही, म्हणून निविदा दाखलच झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. म्हाडा वर गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो निकाल फिरवला. ज्या खात्यानं पोर्टल बनवलं तेच सांगतंय की सगळ्या पायऱ्या पूर्ण झाल्या नाहीत, मग उच्च न्यायालयानं वेगळं मत करायला नको होतं, असं त्या निकालाचं सार.

त्या कंपनीसाठी आम्ही रडत नाही. तिला एक काम गेलं तर दहा मिळतील. पण विचार करा. जिच्याकडे इंजिनियर आहेत, वकील आहेत, कॉम्प्युटरवाल्यांची फौज आहे, तिच्या कामातही एक बटण राहतं. मग सातवी-आठवी शिकलेला आपला अध्यक्ष, ज्याला इंग्रजी पान समोर आल्यावर दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागतं, त्याच्याकडून एकही पायरी चुकू नये अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करता? आणि कंपनीला दोन कोर्टांत जाता आलं. आपल्या संस्थेला एसटीचं भाडं काढून जिल्ह्याला जायचं म्हटलं तरी वर्गणी काढावी लागते.

दुसरीही एक गोष्ट बघा. यंत्र बिघडलं होतं का, हे कुणाला विचारणार? यंत्र बनवणाऱ्याला. म्हणजे ज्याच्यावर तक्रार तोच पंच. गावच्या भांडणात आपण असा पंच मान्य केला असता का?

मिनिटाला शिक्षा, महिन्यांना मुदतवाढ

आता आपल्या भागातलं ऐका. नावं मुद्दाम देत नाही. भांडण एका कार्यालयाशी नाही, रीतीशी आहे.

आपल्याच माणसांची एक मजूर संस्था. काम होतं वाडीच्या रस्त्याचं आणि त्याच्या कडेच्या गटाराचं. मुदत दुपारी ३ ची. आमची पोरं सकाळपासून दुकानात बसली होती. कागद चढले. बयाणा रक्कम भरली, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज मोबाईलवर आला. पोर्टलवर मात्र रक्कम भरल्याचं दिसेना. ती दिसल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पानावर ते गोल चक्र फिरत राहिलं. पुन्हा उघडलं, पुन्हा चक्र. फोन लावला तर लाईन व्यस्त. चक्र फिरता फिरता ३ वाजले आणि पान बंद झालं.

दुसऱ्या दिवशी पोरं मेसेज घेऊन कार्यालयात गेली. "पैसे कापल्याची वेळ बघा साहेब, मुदतीच्या आतली आहे." साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण मी काय करू?" बरोबर आहे हे मान्य, आणि तरी काही करायचं नाही. याला काय म्हणायचं?

काम दुसऱ्याला लागलं. पावसाच्या आधी रस्ता पुरा करायचा, असं कामाच्या आदेशात लिहिलेलं. पहिल्या पावसात वाडीवाले चिखल तुडवत होते. विचारलं तर कळलं, ठेकेदाराला मुदतवाढ मिळाली. गणपतीत पुन्हा विचारलं, पुन्हा मुदतवाढ. त्यानं अर्ज केला, कारण दिलं, साहेबांनी सही केली. सिस्टीम आडवी आली नाही.

हाच आमचा मुद्दा आहे. निविदा भरायला उशीर झाला तर कारण ऐकून घेणारं माणूस नाही. काम करायला उशीर झाला तर कारण लिहायला छापील नमुना आहे. पहिला उशीर गरिबाचा असतो, दुसरा ठेकेदाराचा. नियम बघून ठरवा कुणासाठी केलेत ते.

अंगठ्याच्या जागी चावी

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. तो बाहेरून दिसत नाही.

आजोबांच्या काळी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. खाली काय लिहिलं ते आजोबांना कळायचं नाही. जमीन गेल्यावर कळायचं. आज अंगठ्याची जागा त्या चावीनं घेतली आहे. ही ऑनलाईनची कटकट नको, उशीर झाला तर बयाणा अडकतो, म्हणून संस्थेचा अध्यक्ष चावी आणि पिन ठेकेदाराच्या मुनिमाकडे देऊन टाकतो. "तुम्हीच भरा शेठ, आमाला टक्का द्या." बोर्डावर नाव आदिवासी संस्थेचं, चावी शेठच्या खणात. कुठल्या कामाला निविदा भरली, काय दर टाकला, कुणाच्या सांगण्यावरून टाकला, अध्यक्षाला पत्ताच नाही. उद्या काम बोगस निघालं तर चौकशीत नाव मात्र त्याचंच.

लक्षात ठेवा, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे डिजिटल सही ज्याच्या नावाची, ती सांभाळायची जबाबदारी त्याचीच. "मी दुसऱ्याला दिली होती" हे सांगून सुटका नाही.

एका मिनिटाच्या भीतीनं आपल्या संस्था अशा हातातून जातात. कडक घड्याळामुळे भ्रष्टाचार थांबतो म्हणतात. आमच्याकडे त्याच घड्याळाचा धाक घालून शेठनं चाव्या गोळा केल्या.

"सूट दिली तर गोंधळ होईल"

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, पूर्वी पेटीत निविदा टाकायच्या तेव्हा काय चालायचं ते आठवा. खरंच आठवतंय आपल्या वडीलधाऱ्यांना. फॉर्म मागायला गेलं की "संपले". दारात चार दांडगे उभे. पेटीपर्यंत पोचू देत नव्हते. ऑनलाईन आल्यानं ते दांडगे दारातून गेले, हे आम्ही मान्य करतो. पेटीचा जुना काळ आम्हाला परत नको आहे.

ते असंही म्हणतात की उशिरा आलेल्याला घेतलं तर तो दुसऱ्याचा दर बघून भरेल. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियमही सांगतात, मुदतीनंतर आलेली निविदा विचारात घ्यायची नाही. ठीक. पण दराचा लिफाफा उघडेपर्यंत कुणालाच दिसत नाही, हे तर याच यंत्राचं मोठेपण म्हणून सांगता ना? मग ज्याचे पैसे मुदतीआधी कापले गेले, ज्याचे कागद मुदतीआधी चढल्याची नोंद सर्व्हरवर आहे, आणि अजून एकही लिफाफा उघडलेला नाही, त्याचं कारण ऐकून घेण्यात कुणाची फसवणूक होते? सरसकट माफी आम्ही मागत नाही. कारण तपासा, लिहून ठेवा आणि मग हो की नाही ते लेखी सांगा, एवढंच मागतो.

असं जगात कुठे होतं का? होतं. अमेरिकेत सरकारी खरेदीचे नियम उशिराबाबत फार कडक आहेत. पण त्यांतही अनेक वर्षं दोन सोयी लिहिलेल्या होत्या. एक, ऑनलाईन पाठवलेला प्रस्ताव आदल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत सरकारी यंत्रणेच्या दारात पोचला असेल, तर पुढे आत कुठे अडकला तरी तो विचारात घेता येतो. दोन, काही संकट येऊन सरकारचंच कामकाज बंद पडलं, तर मुदत आपोआप पुढे जाते, कामकाज सुरू होईल त्या पहिल्या दिवशी त्याच वेळेपर्यंत. सरकारचं दार बंद असेल तर बाहेर उभ्या माणसाला उशीर झाला असं धरत नाहीत.

अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्याच वनहक्काच्या नियमांत बघा. ग्रामसभेनं दावे मागवायचे ते तीन महिन्यांत. पण गरज वाटली तर ग्रामसभा कारण लेखी नोंदवून ती मुदत वाढवू शकते. किती साधं आहे! मुदत आहे, कारण आहे, नोंद आहे, आणि निर्णय माणसांनी घ्यायचा आहे. अडाणी म्हणून ज्या ग्रामसभेला हिणवतात, तिच्यावर कायद्यानं एवढा विश्वास टाकला. मग शिकलेल्या साहेबांना कारण लिहून निर्णय घ्यायची भीती कशाची?

कोर्टात उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. सरकार स्वतः किती वेळा तो अर्ज करतं ते वकिलांना विचारा. टपाल खात्याचं एक प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालात काढलं. खातं अपिलाला ४२७ दिवस उशिरा आलं होतं आणि माफी मागत होतं. न्यायालयानं ती दिली नाही, सरकारी खात्यांना वेगळा कायदा नाही असं बजावलं. ते योग्यच झालं. पण ४२७ दिवसांनी "आमचं कारण तरी ऐका" म्हणायला सरकारला एक दार होतं. आमच्या पोरांना पुढच्याच दिवशी ते दार नव्हतं.

आणि मजुरीचं काय? रोजगार हमीच्या कायद्यात १५ दिवसांत मजुरी द्या, उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई द्या, असं लिहिलं गेलं. हजार रुपयांवर दिवसाला आठ आणे! सरकारच्या उशिराची किंमत ही एवढी. आमच्या उशिराची किंमत अख्खं काम.

आज निविदा, उद्या दावा

हे फक्त ठेक्यापुरतं राहील असं समजू नका. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये वनमित्र नावाचं ॲप आलं आणि वनहक्काचे दावे त्यावर चढवायला लावले. नेट नाही, पासवर्ड दुसऱ्याकडे, पान उघडत नाही, अशा तक्रारी तिथल्या गावांतून आल्या. आज तीन वाजता निविदेचं पान बंद होतं. उद्या जमिनीच्या दाव्याचं पान असंच बंद झालं तर? "तुमचा दावा वेळेत चढला नाही, सिस्टीमनं बंद केलं" असं दळीची नाचणी-वरी पिकवणाऱ्या म्हातारीला सांगणार का? म्हणून या यंत्राशी बोलायची रीत आत्ताच ठरवून घेतली पाहिजे.

बायकांच्या गटांनी हे आधीच भोगलंय. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नको, गावातल्या महिला मंडळांना, बचत गटांना काम द्या. तरी २०१६ मध्ये आपल्या राज्यात घरपोच आहाराची निविदा अशा अटींची निघाली की लहान गटांना जागाच उरली नाही. त्याविरुद्ध गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती निविदा रद्द झाली. लढले म्हणून झाली, हे विसरू नका.

आणि उलटं चित्रही आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूरचं पाचगाव स्वतःचा बांबू स्वतः विकतं. तेंदूपानाचा लिलाव गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः करतात. तिथे व्यापारी गावात येतो, गावानं ठरवलेल्या दिवशी, गावानं ठरवलेल्या वेळेला. हक्क ज्याच्याकडे, घड्याळ त्याच्याकडे. म्हणून निविदेचा प्रश्न शेवटी जमिनीच्या प्रश्नाशीच येऊन भिडतो.

आमच्या मागण्या

१. वनहक्क मिळालेल्या किंवा दावा चालू असलेल्या जमिनीवरचं कुठलंही काम ग्रामसभेच्या ठरावाशिवाय निविदेला काढू नये.

२. वाडीच्या हद्दीतली लहान कामं वाडीच्या मजूर संस्थेला, जंगल कामगार संस्थेला किंवा बचत गटाला थेट द्यावीत.

३. पोर्टल किंवा पैसे भरायची सोय बंद पडली तर मुदत आपोआप पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जावी. बंद पडल्याची नोंद सगळ्यांना दिसावी.

४. मुदतीआधी पैसे कापले गेल्याचा पुरावा असेल तर कारण ऐकून लेखी निर्णय द्यावा. यंत्र बिघडलं की नाही हे यंत्र बनवणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये.

५. प्रत्येक तालुक्याला, तहसील कार्यालयात, फुकट निविदा भरून देणारं केंद्र असावं. पोर्टलची पानं आणि सूचना मराठीत असाव्यात. निविदेची सूचना वाडीत वाचून दाखवावी.

६. वनहक्काच्या प्रत्येक दाव्यावर कधीपर्यंत निर्णय होणार ती तारीख लिहून द्यावी. तारीख टळली तर जबाबदार अधिकाऱ्यानं ग्रामसभेत येऊन कारण सांगावं. आम्हाला एक मिनिट लावता, तर स्वतःला एक तारीख लावा.

तोवर आपण काय करायचं

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. प्रत्येक संस्थेनं, गटानं एवढं पाळावं.

संस्थेची चावी अध्यक्षाच्या घरात राहील, पिन कुणालाही सांगायचा नाही. ज्यांनी दिलीय त्यांनी आजच परत आणावी. चावीची मुदत कधी संपते ते वहीवर लिहून ठेवा. बयाणा रक्कम मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी भरा, कारण बँकेकडून नोंद यायला वेळ लागतो. कागद आदल्या दिवसापर्यंत चढवा. मुदत संपेपर्यंत दर बदलता येतो, त्यामुळे आधी भरण्यात तोटा नाही. रोज एकदा शुद्धिपत्रक निघालंय का ते बघा, तारीख कधीकधी तिथेच बदलते. शेवटचं फ्रीज बटण दाबलं का, हे दोघांनी बघा. पोच छापून घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

पान अडकलं तर सर्व्हरचं घड्याळ दिसेल असा मोबाईलवर फोटो काढा. लगेच, मुदत संपायच्या आत, कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. नाकारलं तर कारण लेखी मागा, दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ज्या कामाची निविदा आपल्याला मिळाली नाही, त्या कामाचा आदेश आणि त्याला दिलेल्या मुदतवाढीही माहिती अधिकारात मागा. त्या कागदांची चळत आपल्या मागण्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलेल.

हा अंक वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा. आपल्या वाडीतल्या कुठल्या संस्थेची, गटाची निविदा अशी अडली असेल, तर तारीख, वेळ आणि कामाचं नाव लिहून संघटनेच्या कार्यकर्त्याकडे द्या. सगळ्या वाड्यांची यादी झाली की ती घेऊन आपण जिल्ह्याला जाऊ. जायची तारीख आणि वेळ आपण ठरवू. आणि त्या दिवशी साहेब किती वाजता येऊन खुर्चीवर बसतात, तेही लिहून ठेवू.

जंगल आमचं, जमीन आमची, वेळही आमची!
जोहार!